नेमीच्या चित्रातलं पडकं देऊळ

लंडन, ४ मार्च १७७६

ती. लौरीताईस,
शि. सा. न. वि. वि.

सर गिल्बर्टनी आपल्या गावच्या हवेलीतल्या जेवणघरासाठी मागवलेलं इटलीचं चित्र काल गाडीवर चढवलं आणि तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. रोमजवळचं नेमी सरोवर काढायचं होतं. सतरा वर्षांपूर्वी तिथे काढलेल्या चित्रांच्या वह्या पुढ्यात होत्या, पण तिथला डोंगर काही केल्या आठवेना. हाताने आपल्या घरामागचा डोंगर, मोएल वेनच काढला! मग वर सोनेरी ऊन पसरलं, आपल्या घराच्या जागी पडकं देऊळ काढलं.

सर गिल्बर्ट नेमी पाहून आलेले आहेत. त्यांनी ओळखलं तर या वयात मला काम कोण देईल? आईला हवेलीकडे फिरकू देऊ नकोस. तिच्या जिभेला हाड नाही, हे तू जाणतेस.

आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझा इथेल

लानगेल्ली, २२ मार्च

चि. इथेल यास अनेक आशीर्वाद.

शहाण्या, तुझं पत्र उशिरा पोचलं. चित्र टांगलं त्याच दिवशी साहेबांनी चित्रकाराची आई म्हणून आईला मानाने बोलावलं. मीच नेलं. साहेब पाहुण्यांना छडीने दाखवत होते, की इथे मी खेचरावरून उतरलो, इथे अंजीर खाल्ले. आईने पुढे होऊन भर सभेत आपल्या वेल्शमध्ये सांगून टाकलं, की हा तर आपला मोएल वेन, आणि ही आपली मेंढ्यांची वाट. पण साहेबांना वेल्श कुठलं कळतंय! म्हातारी काय म्हणते असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डोळे निवले म्हणते.

तुझी अब्रू वाचली. आई मात्र दोन दिवस जेवलेली नाही. सारखं विचारते, की सगळं जिथल्या तिथे काढलं, मग आपल्याच घराच्या जागी पडकं का? लेकाने आपल्याला मेलेलं धरलं का? इथेल, मला तिच्याशी खोटं बोलवत नाही.

जमेल तसं, पण लवकर लिही.
लौरी

लंडन, ३० मार्च

ती. ताईस सा. न.

आधी घरच काढलं होतं, धुराड्यातून धूरही. तो बघितला की कामावरून उठून तुमच्याकडे यावंसं वाटे, म्हणून मीच पुसलं. माझं चुकलं.

उद्याच्या गाडीने निघतो. रंगांची पेटी बरोबर आहे. सर गिल्बर्टना खरं सांगेन आणि ते देऊळ पुसू द्या म्हणेन. मग त्यांना काय करायचं ते करू देत.

तोवर आईला म्हणावं, जेव.

तुझा इथेल