माझा हिरवा रकाना

शुक्रवार संध्याकाळ, कर्वेनगर

आज आढावा बैठकीत शबानाने प्रगतीच्या तक्त्यात स्वतःच्या कामापुढचा रकाना लाल केला; हिरवा म्हणजे काम वेळेत, लाल म्हणजे मागे. मॅनेजर म्हणाले, "अहो मॅडम, क्लायंटला लाल दाखवायला आपण काय सिग्नल आहोत?"

"काम अर्धंच झालंय, सर."

तिला तिथल्या तिथे प्रोजेक्टवरून काढलं. आधी क्लायंटला तारीख द्यायची, मग उलटे दिवस मोजत वेळापत्रक रचायचं, आणि याला हे नियोजन म्हणतात! हे मी बोललो का? नाही. माझं काम तिच्याहूनही मागे आहे, तिला ते ठाऊक आहे, आणि माझा रकाना हिरवा.

उद्या कोथरूडला माझं व्याख्यान आहे: 'निर्भयपणे बोला'. आत्ताच तिचा मेसेज आला. "दादा, उद्या येतेय. पहिल्या रांगेत बसेन."