मे महिन्यातली शाल

बोरी अरब,
सोमवार, १२ जानेवारी

आदरणीय मामा,

नमस्कार. तुम्ही, मामी आणि आजीच्या तीन शेळ्या वणीत खुशाल असाल, असे धरून चालते. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून पत्र. घडले ते असे:

१. मे महिन्यात आजी शाल पांघरून बसली.
२. तुम्ही म्हणालात, "बुढीचं डोकं गेलं," आणि तिच्या शेळ्या घेऊन गेलात.
३. मी तिचे रक्त तपासले. थायरॉइडचा हार्मोन फार कमी निघाला.
४. डॉक्टरांनी त्याची गोळी सुरू केली.
५. आजी बरी आहे.

पाचव्याला वेळ लागला. आधी सगळे ठीक होते. चेहऱ्यावरची सूज उतरली, घोगरा आवाज मोकळा झाला (शेजाऱ्यांना तो तसाच बरा वाटत होता), आणि दिवाळीनंतर ती कापूस वेचायला जाऊ लागली. मग रिपोर्ट पुन्हा बिघडला. यंत्र चुकले असेल म्हणून मी लॅबमध्ये तोच नमुना दुसऱ्यांदा लावला. यंत्र बरोबर होते. चहासोबत गोळी घेते की काय, म्हणून रविवारी घरी येऊन पाहिले, तर पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. बिनचूक. पण रविवारी वेचणीला सुट्टी असते, हे माझ्या लक्षात आले नाही.

शेवटी रजा टाकून शेतात गेले. दुपारी बायांनी शिदोऱ्या सोडल्या. आजीने भाकर काढली, ठेचा काढला आणि गोळ्यांची पट्टी काढली. एका गोळीचे नखाने तुकडे करून एक सुखीबाईला, एक नंदाबाईला, उरलेला स्वतःला. मी विचारल्यावर म्हणाली, "मंग एकटीनंच खाऊ काय वं? ह्या मले चटणी देतेत." सुखीबाई खूश होती. "छाती धडधडते, झोप उडाली, पन कापूस किती वेचला पाह्य!" दोघींना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. गोळी बंद झाली, दोघी ठणठणीत आहेत. सुखीबाई मात्र माझ्याशी बोलत नाही.

आता आई समोर उभी राहून आजीला गोळी देते. शेतात फक्त सुपारी वाटली जाते. मागच्या आठवड्यात रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा मी लॅबच्या मागे जाऊन थोडा वेळ उभी राहिले. एवढेच.

तर येत्या रविवारी आजीला कायमचे वणीला न्यायला गाडी आणण्याचे कारण उरलेले नाही. तिचा निरोप जसाच्या तसा: "त्याले म्हणा, मी काहून येऊ? माहं घर हाये. डोकं बी हाये."

आपली भाची,
समीक्षा

ता. क. गाडी ठरलीच असेल, तर शेळ्या घेऊन या. आजीला तिन्हींची नावे आणि खुणा आठवतात, त्यामुळे बदली शेळी चालणार नाही. (मामींनी हरकत नाही म्हटले आहे. त्यांची तुळस आता संपली आहे.)

ता. क. २. मामी हेही म्हणाल्या, की त्याच मे महिन्यात तुम्ही कूलर बंद करून गोधडी घेत होतात, जेवता जेवता झोपता आणि तुमचा आवाज हल्ली जड झाला आहे. हा आजार घराण्यात चालतो. तुमच्या डोक्याबद्दल मी कोणाजवळ काही बोललेले नाही. बुधवारी सकाळी रक्त द्या आणि रिपोर्ट काय आला ते शनिवारपर्यंत कळवा.