उठताना कसा उठतो

आबा,

तुमची पणती माणसं निवडायच्या कामाला लागली आहे. तुम्ही बैल बघायचात तशी ती पोरं बघते आणि त्याचा तिला पगार मिळतो. हे कोणाला तरी सांगावं म्हणून बसले. माझ्या मुलाला, म्हणजे तुमच्या नातवाला, इस्पितळातून सवड नाही आणि सुनेला रग्बी म्हटलं की चिखलाचे कपडे तेवढे आठवतात. राहिलात तुम्ही. तिसरीपर्यंत शिकलेली बाई लिहिते आहे, तेव्हा वेलांट्या बघू नका. तुम्हाला तरी कुठे वाचता येत होतं.

आम्ही न्यूझीलंडात पामर्स्टन नॉर्थला राहतो. इथला वारा असा की दोरीवरचं लुगडं शेजारच्या गोऱ्याच्या गाडीवर जाऊन बसतं. रग्बी हा इथला देव. परवापरवापर्यंत पोरं हौसेने खेळायची आणि सोमवारी आपापल्या कामावर जायची, पण आता त्या खेळात पगार आलाय आणि पगार आला की बघणारे आले. खेळात आठ विरुद्ध आठ गडी वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटतात. पुढच्या रांगेत दोन्ही कडांना जे दांडगे असतात त्यांना प्रॉप म्हणतात. सगळा भार त्यांच्या मानेवर आणि गुडघ्यांवर. मोठे संघ मोजकेच आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातली पोरं आधी ठेवून घ्यायची आणि उरलेल्यांतून पाळीपाळीने एकेक उचलायचा. ह्याला इथे ड्राफ्ट म्हणतात. आपण बाजार म्हणायचो.

नात विद्यापीठात शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र शिकली. इथल्या संघाच्या कोचने तिला ड्राफ्टपुरतं काम दिलं: सामन्यांच्या कॅसेटी बघायच्या, मैदानावर पोरं बघायची आणि कोणता प्रॉप घ्यावा ते लिहून द्यायचं. निवड बरोबर निघाली तर पुढचा सगळा मोसम नोकरी, नाही तर परत औषधाच्या दुकानात काउंटरवर. तेवीस वर्षांची पोर. दाणदाण पावलं टाकत मैदानात शिरते, तिच्या दुप्पट अंगाच्या पोराला म्हणते, "बेंड युअर नीज," आणि तो वाकतो! आबा, मी तिच्यावर जळते. आजीने नातीवर जळू नये, मला कळतं. कळून जळते.

दुपारी ती कॅसेटी लावायची आणि मी शेजारी मटार सोलत बसायची. एक दिवस पडद्यावर एक डोंगराएवढा पोरगा आला. मी म्हटलं, "हा पडणार."

"आजी, ही इज ह्यूज!"

"असू दे. पाय जमिनीला चिकटल्यात त्याचे. रेटा आला की वरचं अंग जाईल आणि पाय तिथेच राहतील."

पडला. तिने कॅसेट तीनदा मागे घेऊन बघितली. "हाऊ डिड यू नो?"

"माझा बाप हेडी होता. गुरांच्या बाजारात बैल पारखायचा."

ती एकदम ताठ झाली. "आजी, दे आर नॉट काउज. यू कान्ट से दॅट, ओके?" तिचं बरोबर आहे. बैलाला कोणी विचारत नाही, तुला ओढायचंय का म्हणून. ही पोरं आपणहून येऊन उभी राहतात, मागे आई घोंगडी घेऊन बसलेली असते. मी कबूल केलं. पण दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन माझ्या शेजारी बसली आणि मटार सोलता सोलता मी बोलले ते सगळं इंग्रजीत उतरवून घेतलं. आठवड्याभराने मैदानावर कोच तिची वही चाळत होता. "वेअर डिड यू गेट दॅट आय?" त्याने विचारलं. मी तीन पावलांवर चहाचा थर्मास धरून उभी. एवढं इंग्रजी मला कळतं. ती म्हणाली, "जस्ट हीप्स ऑफ टेप्स." म्हणजे नुसत्या ढीगभर कॅसेटी बघून आली म्हणे नजर.

थर्मास माझ्या हातातच राहिला आणि मी साठ वर्षं मागे तुमच्या बाजारात.

मी अकरा वर्षांची. मंगळवार आहे. डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन मी येते तेव्हा तुम्ही बैलांच्या रांगेत उभे आहात आणि थोरला भाऊ तुमच्या मागे. लोक शिंगं बघतात, वशिंड बघतात, कातडीची झळाळी बघतात. तुम्ही तिकडे ढुंकून बघत नाही. "हुबा आसला की समदाच बैल चांगला दिसतो," तुम्ही थोरल्याला सांगता. "बसव आन मग उठव. उठताना कसा उठतो ते बघ. तितं त्याला लबाडी करता येत न्हाई." थोरला मान हलवतो आणि भज्यांच्या गाडीकडे बघतो. मग गिऱ्हाईक येतं, तुम्ही दोघांच्या हातांवर उपरणं टाकता आणि खाली बोटं बोलायला लागतात. वर तोंडाने पाऊसपाणी, सोयरीक, कोणाची म्हैस व्याली. पटलं तर समोरच्याचं बोट दाबायचं, नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. हे सगळं तुम्ही थोरल्याला शिकवलंत. मी गाठोडं धरून शिकले.

त्या दिवशी तांबड्या बैलाला उठवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, त्यो मागचा डावा पाय चोरतोय." दहा-बारा फेटे माझ्याकडे वळले. तुम्ही डोळे वटारलेत. "तुला कुनी इचारलं गं? बाजारात पोरीबाळींनी त्वांड उघडायचं नसतं. भाकरी ठेव आन घरला चल." मी गाठोडं आपटलं आणि निघाले. पारापाशी पोचले तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "आमच्या पोराची नजर बगा! लांबनं वळखलं पठ्ठ्यानं." थोरल्याला पितळी टोपणाची काठी मिळाली. मला रेवड्यांची पुडी मिळाली आणि त्यातल्या निम्म्या त्यानेच खाल्ल्या.

मग खिलारीचं प्रकरण. घरच्या दावणीला जोड पुरी करायची होती आणि पांढराशुभ्र खोंड थोरल्याने पसंत केला. त्याला उठताना मी बघितलं होतं. मागच्या उजव्या पायात खोट होती, टेकवायच्या आधी तो दोनदा चाचपायचा. मी गप्प राहिले. नांगराला जुंपल्यावर चौथ्या दिवशी तो अर्ध्या नांगरटीतच बसला आणि उठेना. गावभर थोरल्याचं हसं झालं. तुम्ही त्याची काठी काढून घेतलीत आणि माळ्यावर टाकलीत. आईने मला विचारलं, "तुझी येवढी नजर, तुला दिसलं न्हाई व्हय?" मी म्हटलं, "मला कुनी इचारलं?" हे वाक्य मला फार उपयोगी पडलं, आबा. सासरी वापरलं. मुलगा विमानाचं तिकीट काढून दारात उभा राहिला तेव्हा वापरलं. कुठेही चालतं.

तर इकडचं सांगते. शेवटी दोन पोरं उरली, जागा एक. एक उंच, देखणा, मांड्या अशा की दारातून तिरका शिरावा. कोचला तोच हवा होता आणि नातीलाही. दुसरा पुकेकोहे गावचा, कांद्याबटाट्याच्या शेतात पोती उचलून वाढलेला. ठेंगणा, मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. पण पाय! अंगावर आठ जणांचा रेटा घेऊन बारीक बारीक पावलं टाकत होता, तापल्या तव्यावर उभा असल्यासारखी. मला बघून "किआ ओरा, आंटी," असा इथला रामराम घातला आणि माझी खुर्ची वाऱ्याच्या आडोशाला उचलून ठेवली. त्याचं मी धरत नाही, गोड बोलणारी पोरं पुष्कळ बघितलीत. मी पाय बघत होते.

शनिवारी चाचणीचा सामना झाला. रेटारेटीत ढीग कोसळला की उंच पोरगा उठताना दर वेळी डावा हात जमिनीला टेकवायचा, डाव्या पायावर उठायचा आणि उजवा मागून ओढून आणायचा. उभा राहिला की पुन्हा राजा. त्याचं दुखणं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. कसा सांगेल? बाजारात उभा होता तो. नात धावत माझ्याकडे आली. "आजी, बोल ना. टॉल वाला. घेऊ?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "घे."

"शुअर?"

"मला काय कळतं. तू शिकलेली, तुझ्याकडे ढीगभर कॅसेटी आहेत."

ती हसली, मी चेष्टा करतेय असं तिला वाटलं. शनिवारपासून बुधवारपर्यंत चार दिवस ती घरात शीळ घालत फिरली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. सून म्हणाली, "आई, बरं वाटतंय ना? आज कोणावर ओरडला नाहीत." बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. तिचं काय होणार ते मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कोणावर जळत नव्हते.

बुधवारी दुपारी बारापर्यंत तिची यादी फॅक्सने जायची होती. सकाळी ती शेवटचं बघायला मैदानावर निघाली आणि मलाही घेऊन गेली. वारा असा की डोळ्यांतून पाणी. ती हातमोजे विसरली होती. कोच पलीकडून ओरडला, "सो, द बिग फेला? स्वीट ॲज?" म्हणजे पक्कं ना? तिने त्याला थांबायची खूण केली, माझ्या शेजारी बाकावर बसली आणि गारठलेला हात माझ्या शालीखाली घालून माझा हात धरला. समोर त्या पोरांकडे बघत हळूच म्हणाली, "आजी, लास्ट टाइम. घेऊ ना?"

शालीखाली तिचा हात. वर ती मैदानाकडे बघतेय. मी हात काढून घेतला, चटका बसावा तसा.

"नको," मी म्हटलं. "उजवा गुडघा. उठताना बघ."

तिने बघितलं. पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"शनिवारपासून."

"सॅटर्डे? आजी! व्हाय?"

"जस्ट हीप्स ऑफ टेप्स," मी म्हटलं.

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती सॉरी म्हणाली नाही, मीही नाही. आपल्या घराण्यात ती पद्धत नाही. ती उठली, कोचकडे गेली, हातवारे करून पुष्कळ भांडली. मग माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, "माय आजी सॉ इट! शी सॉ ऑल ऑफ इट!" कोचने कपाळाला हात लावला, पण यादी तिची होती.

त्यांनी पुकेकोहेचा घेतला आणि तो भिंतीसारखा टिकला. नातीला मोसमभराची नोकरी मिळाली. कोचने तिला संघाचं जाकीट दिलं, पाठीवर मोठी अक्षरं असलेलं. मला म्हणाला, "गुड आय, ग्रॅन्डमा," आणि एक लोकरीची टोपी दिली. टोपी, आबा. रेवड्याच पुन्हा. ती जाकीट घालून आरशासमोर वळून वळून बघत होती आणि माझ्या पोटात पुन्हा तीच आग. एवढ्याने जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. उंच पोराला दुसऱ्या संघाने उचललं. अजून खेळतोय. दर शनिवारी टीव्हीसमोर बसून मी त्याचा गुडघा बघते. टिको बिचारा. पण उठताना हात टेकतोच.

हे पत्र टोपीत घालून कपाटात ठेवणार आहे. पेटीत टाकलं तर पोस्टमन सुनेच्या हातात आणून देईल आणि ती मला डॉक्टरकडे नेईल, डॉक्टर घरातलाच. आता एवढं लिहिलंच आहे तर राहिलेलंही लिहिते.

मला कोणी विचारलं नाही, हे खोटं आहे. खिलारी बसला तेव्हा तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. आईला वाटलं तुम्ही पोरीला सांभाळून घेताय. पुढे माझं लग्न होईपर्यंत आपण एका घरात राहिलो आणि जेवायला वाढण्यापलीकडे आपलं बोलणं झालं नाही. का, ते आपल्या दोघांनाच ठाऊक. खिलारी घेतला त्या मंगळवारी मी भाकरी घेऊन आले तेव्हा सौदा अडलेला होता. थोरला काठी आपटत "घ्या, घ्या" म्हणत होता. तुम्ही गाठोडं घ्यायला पुढे आलात, आणि फडक्याखाली तुमच्या हाताने माझा हात धरला आणि सोडला नाही. भरल्या बाजारात पोरीला विचारायची तुमच्यापाशी तेवढीच रीत होती. तुम्ही खोंडाकडे बघत होता. मोठ्याने म्हणालात, "कालवन काय हाय गं?"

मी काठीकडे बघितलं. पितळी टोपण उन्हात चमकत होतं.

"पिठलं," मी म्हटलं, आणि तुमचं बोट दाबलं.