द्राक्षाची काकवी

लेस्वोस,
१२ ऑक्टोबर १९६४

चि. मिर्सिनीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ऑगस्टात आलं, उत्तराला आज सवड झाली. द्राक्षं उतरली, रस आटवून काकवी केली. यंदा अकरा बरण्या. तू इथे असतीस तर कढई खरवडायला सगळ्यांच्या आधी बसली असतीस. पिरेयस बंदरातल्या इस्पितळात स्वयंपाकीण झालीस म्हणून तुझी ती खोड गेली असेल असं मला वाटत नाही.

आता कामाचं. तुझ्या वहिनीचं दुखणं हटत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला तेव्हा मी तेलाच्या घाण्यावर होतो, ती एकटीच गेली होती. साखर बंद, एवढंच तिने घरी येऊन सांगितलं. त्या दिवसापासून घरात साखरेचा दाणा नाही. गोळ्याही चालू आहेत. रोज सकाळी माझ्या हातानं एक मोठा चमचा काकवी भरवतो, अंगात ताकद राहावी म्हणून. वरून सुके अंजीर आणि आपल्याच गव्हाची भाकर, पोटभर. बाजारचं काही नाही. तरी तहान तिची भागत नाही, डोळ्यांपुढे धुकं येतं, आणि बुटानं अंगठ्याला झालेली जखम सहा आठवडे भरत नाही.

तू तिथे असल्या रोग्यांचं जेवण रांधतेस. माझं कुठे चुकतंय ते विचारून लिही. स्पष्ट लिही, मला गोंजारू नकोस.

माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा,
आर्गिरिस

---

लेस्वोस,
१५ ऑक्टोबर १९६४

प्रिय मिर्सिनी वन्सं,
पेलाजियाचा सप्रेम नमस्कार.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मला आता ओळ दिसत नाही, म्हणून शेजारच्या पाद्रीबाबांची बायको तारसी लिहून देतेय. ती कुणाला सांगणार नाही.

ह्यांनी तुम्हाला पत्र टाकलंय असं कळलं. वन्सं, त्यांना काकवीचं खरं सांगू नका. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं, छापील कागदही दिला होता. काकवी, मध, अंजीर नको आणि भाकर मोजून, असं त्यात लिहिलंय. मी तो गादीखाली ठेवून दिला.

तुम्ही म्हणाल, वेडी की काय. आमची लेक उरानिया त्या तापात गेली तेव्हा हे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. जेवायचे, भिंतीकडे तोंड करून निजायचे. मग त्या शरदात त्यांनी काकवी केली, चमचा भरून माझ्या तोंडाशी आणला आणि म्हणाले, बघ गं, जमलीय का. तेव्हापासून घरात माणसाचा आवाज आहे. पुढच्याच महिन्यात डॉक्टर नको म्हणाले. मी नको म्हणू कशी? एका चमच्यानं काय होतंय असं वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, मला आवडतेही.

आता सोडवायची तर दुसरं काही निमित्त सांगा. दाताचं सांगा, पोटाचं सांगा. माझ्याच हातानं हिला हे झालं, एवढं मात्र त्यांना कळू देऊ नका.

लोभ तर आहेच, ह्या वेळी जरा जास्त लागेल.
तुमची,
पेलाजिया

---

पिरेयस,
१७ ऑक्टोबर १९६४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आज दुपारी मिळालं. उद्या सकाळी बेटाकडे येणाऱ्या बोटीनं हे निघावं म्हणून भांडी तशीच टाकून लिहायला बसलेय.

दादा, तू साखर पुढच्या दारानं घालवलीस आणि मागच्या दारानं आत घेतलीस. काकवी म्हणजे आटवलेली साखरच, तीत दुसरं फार काही नाही. सुका अंजीर निम्म्याहून जास्त साखर. भाकर गोड लागत नाही, पण तिच्यातल्या पिठाची पोटात साखरच होते, मग ती आपल्या शेतातली असो की बाजारची. आमच्या भटारखान्यात भाकरीचा तुकडासुद्धा तराजूत घालून देतात.

तिला रानभाजी उकडून दे, ताट अर्धं भरेल एवढी. वर ऑलिव्हचं तेल, त्यात साखर नसते. मासळी, अंडं, बिनसायीचं दही दे, त्यानं अंगात जोर येतो आणि जखम भरायला मदत होते. मसूर आणि हरभरा वाटीभर चालेल. त्यांच्यात चोथा असतो, म्हणून त्यांची साखर हळूहळू रक्तात जाते. काकवी मात्र आजपासून बंद. पायाला वेळ लावू नकोस, तिला ताबडतोब मितिलिनीच्या मोठ्या इस्पितळात ने. आमच्याकडे असे अंगठे घेऊन माणसं येतात. पुढचं लिहवत नाही.

स्पष्ट लिही म्हणालास म्हणून लिहिलं. मनाला लावून घेऊ नकोस, तुला माहीत नव्हतं. वहिनीला माझा नमस्कार, आणि बहिणीवर राग धरू नकोस.
तुझी,
मिर्सिनी

---

पिरेयस,
२० ऑक्टोबर १९६४

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वाऱ्यानं तुमच्याकडची बोट अडकली. तुमचं पत्र आज आलं, माझं परवाच गेलं. त्यात मी सगळं लिहिलंय, जसंच्या तसं.

पत्र आधी मिळालं असतं तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. लपवलं असतं तर तुमचा पाय गेला असता, आणि सांगितलं म्हणून दादा खचेल. तारसीला हे तुम्हाला एकटीलाच वाचून दाखवायला सांगा.

क्षमा असावी. दुसरं मागायला तोंड नाही.
तुमची,
मिर्सिनी

---

लेस्वोस,
६ मार्च १९६५

चि. मिर्सिनीस,
आशीर्वाद.

इतके महिने लिहिलं नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि उरलेल्या नऊ बरण्या ओढ्यात नेऊन ओतल्या. तिला विचारलं तर म्हणाली, मला काही ठाऊक नव्हतं. इस्पितळात न्यायला गादी उचलली तेव्हा डॉक्टरांचा कागद सापडला. काकवीच्या ओळीखाली तिच्याच हातानं पेन्सिलीची रेघ मारलेली होती. मी कागद परत तिथेच ठेवला. मला कळलंय हे तिला अजून माहीत नाही.

नाताळच्या आधी पाय गुडघ्याखाली कापला. जानेवारीअखेर डोळे पूर्ण गेले.

तू लिहिलंस तसंच सगळं करतो. भाकर तराजूत घालतो, भल्या पहाटे उठून रानभाजी खुडून आणतो, दही लावतो. परवा डॉक्टर म्हणाले, साखर छान उतरलीय, असं आधीपासून जेवल्या असत्या तर. तेवढं बोलून त्यांनी बॅग उचलली.

रांधून होतं गं माझ्याकडून. भरवणं होत नाही. घास उचलला की हात तिच्या तोंडापर्यंत जात नाही. दोनदा सगळं तिच्या अंगावर सांडलं. म्हणून आता तारसी भरवते. तुझी वहिनी दोन घास खाते आणि पुरे म्हणते. मी खोलीच्या दारात उभा असतो, चाहूल लागू नये म्हणून पायातले बूट काढून.

काल मध्येच तिने तोंड मिटलं आणि विचारलं, "हे घरात आहेत का?"

तारसीनं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने सांगितलं, शेतावर गेलेत.

आता ती रोज विचारते आणि मी रोज मान हलवतो.

लोभ ठेव असं लिहायचा मला हक्क उरलाय का, ठाऊक नाही. जमलं तर तिच्यावर ठेव.
आर्गिरिस