हिवाळ्याचा व्हिसा, जूनमध्ये

१२ एप्रिल
संकल्प: येता हिवाळा थायलंडमध्ये. रोझविटाच्या गुडघ्यांना ऊब हवी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायको बिचारी जन्मभर बेकरीच्या काउंटरमागे उभी राहिली. तिला एवढंच हवंय म्हणे, समुद्रात पाय सोडून बसायचं आणि शेजारी मी. तिकिटं काढूया का, विचारत होती. म्हटलं, आधी व्हिसा. मी गाड्यांच्या तपासणी कार्यालयात नोकरी केली आहे. लोक खड्ड्यात पडत नाहीत, कागदात पडतात.

२० एप्रिल
व्हिसाचे फार प्रकार. एकदाच आत जायचा, अनेकदा जायचा, निवृत्तांचा. नवीन फाइल केली. निवृत्तांचा बाद. मी निवृत्त आहे, म्हातारा नाही.

३ मे
वरच्या मजल्यावरचा फेट्सर दर हिवाळ्यात तिकडेच जातो. विधुर, पूर्वी ट्राम चालवायचा. जिन्यात गाठून विचारलं, कुठला व्हिसा काढता. म्हणाला, अहो हेगेले, कसला व्हिसा? पासपोर्ट दाखवायचा, शिक्का मारून घ्यायचा, दिवस कमी पडले तर तिथल्या ऑफिसात वाढवून घ्यायचे.
इमारतीची झाडलोट दर आठवड्याला एका बिऱ्हाडाची; ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. ती पाटी याच्या दारावर असते, तेव्हा तळघराच्या दारामागचा कोपरा हा कधीच पुसत नाही. दोनदा लेखी कळवलंय. अशा माणसाचा सल्ला मी घेणार नाही.

१७ जून
निर्णय झाला. अनेकदा आत-बाहेर करता येणारा, सहा महिन्यांचा. रोझविटा म्हणाली, अरे, आपण एकदाच जाणार आणि एकदाच येणार ना? तिला दूरदृष्टी नाही. जानेवारीत निघायचं, म्हणून अर्ज आत्ताच केला. ऐनवेळी धावपळ करायला मी काय फेट्सर आहे?
तिचाही अर्ज भरणार होतो. ती म्हणाली, माझ्या पासपोर्टचं माझं मी बघीन, आणि पासपोर्ट शिवणाच्या डब्यात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या फाइलबाहेर. दुर्लक्ष केलं.

१ जुलै
व्हिसा आला. सुंदर दिसतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात कुलूपबंद.
फेट्सरला सांगितलं. इतक्या लवकर, म्हणाला, आणि हसला. त्याचं तर तिकीटही नाही. जळतो.

२२ सप्टेंबर
रोझविटानं तिकिटं काढली, ८ जानेवारीची. सणावाराची गर्दी ओसरल्यावर. मी मच्छरदाणी आणली. तिला ठिगळं लावायचं सामानही आणलं.

१० नोव्हेंबर
इमारतीच्या नियमावलीप्रमाणे बाहेरगावी जाणाऱ्यानं झाडलोटीसाठी लेखी बदली माणूस द्यायचा. नियम मीच घातलाय. तळमजल्याच्या आल्डिंगरबाईंना विचारलं. त्यांची कंबर धरली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला विचारलं. त्यांचीही. एका इमारतीत इतक्या कमरा एकदम कशा धरतात? रोझविटा म्हणाली, तू त्या बाईचं पायपुसणं उचलून खालची धूळ तिला बोटावर दाखवली होतीस. ती काय तुझी आरती करणार?
मिळेल कोणीतरी.

२ जानेवारी, सकाळ
रोझविटा बॅगा भरत होती. माझा पासपोर्ट मागितला. व्हिसाचं पान उघडलं. मग म्हणाली, एबरहार्ट, यावर डिसेंबरची तारीख आहे.
म्हटलं, सहा महिने तिथे उतरल्यापासून मोजतात.
म्हणाली, खाली बस आणि वाच.
बसलो. वाचलं. दिला त्या दिवसापासून मोजतात. माझा व्हिसा कपाटात कुलूपबंद असतानाच संपला.

२ जानेवारी, दुपार
वकिलातीत फोन केला. बाई अदबशीर होत्या. एवढ्या लवकर कशाला अर्ज केलात, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

४ जानेवारी
रोझविटा म्हणते, चल तसाच. फेट्सरसारखा पासपोर्ट दाखव आणि आत जा, मीही तेच करणार आहे. म्हटलं, अकरा आठवडे राहायचं आणि आधी परवानगी नाही, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणाली, तत्त्वं गुडघ्याला चोळता येत नाहीत. तू आला नाहीस तर मी एकटी जाईन.
जाणार नाही. मी ओळखतो तिला.

८ जानेवारी
गेली. फेट्सरचंही तेच विमान. तिची बॅग त्यानं खाली नेली. दारात तिचे डोळे भरले. अजून चल म्हणाली. मी तिला नियम सांगत होतो, तेवढ्यात टॅक्सी आली. मच्छरदाणी फेट्सरला दिली तिनं.
नवा अर्ज केला. या वेळी तारखा तीनदा तपासल्या.

१९ जानेवारी
बर्फ. आठवडा फेट्सरचा, पाटी मात्र माझ्या दारावर. खाली चिठ्ठी: फेट्सरचा बदली माणूस, हेगेले. सही रोझविटाची, जाण्याआधी केलेली. नियमात चोख बसतं. हरकत घ्यायला जागा नाही.
फुटपाथवरचा बर्फही काढला. तेही पाटीवाल्याचंच काम.

२ फेब्रुवारी
रोझविटानं फोटो पाठवला. समुद्रात सोडलेले पाय. चार. त्यातले दोन केसाळ.
फोन केला. म्हणाली, अरे, गुडघे अगदी लोण्यासारखे झालेत. फेट्सर तिला ऑफिसात घेऊन गेला, मुदत वाढवून मिळाली, येताना दोघांनी नूडल्स खाल्ल्या. तू असतास तर, म्हणाली.
मलाही खूप आठवण येते तिची. हे तिला फोनवर सांगायचं राहिलं. तारखांबद्दल बोलत होतो.

२७ फेब्रुवारी
नवा व्हिसा आला. निर्दोष. आजपासून लागू. उद्याच्या विमानात जागा आहे.
नियमावली काढली. या आठवड्याची पाटी माझी. पुढची फेट्सरची, म्हणजे माझी. त्यापुढची आल्डिंगरबाईंची. त्यांच्या कमरेमुळे तीही मीच लिहून घेतली होती, त्यांनी माझी एखादी घ्यावी म्हणून. बाईंना विचारून आलो. कंबर तशीच आहे. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला.
रोझविटाला फोन केला. व्हिसा आलाय, म्हटलं. ये की मग, म्हणाली. पाटीचं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, बरं, आता ठेवते, भरती येतेय.
जिना झाडला. पुसला. तळघराच्या दारामागचा कोपरा आज तसाच सोडला.