कर्दळीचे ठिपके

९ ऑगस्ट ५३
फोटो आला. बघून डोकंच फिरलं. परसातली माझी कर्दळ पिवळीधमक, अंगभर लालभडक ठिपके. वर्षानुवर्षं बी धरून, नको ती रोपं उपटून टाकून ही एक हाताला लागली. फोटोत पिवळ्याचा राखाडी चिखल, लाल ते काळंकुट्ट. हे म्हणाले, "करपा पडलाय वाटतं." घरचा माणूस असं म्हणतो, मग पुण्याचे पुष्पप्रदर्शनवाले काय म्हणतील? त्यांचा नियम, आधी फोटो पाठवा, पसंत पडला तरच कुंडी घेऊन या. बघायचा फुलाचा रंग आणि मागायचा काळापांढरा फोटो! अकलेचे कांदे.

११ ऑग.
स्टुडिओत जाऊन दत्तोबांशी भांडले. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यांचेच. म्हणाले, "वैनी, लाल काळंच येतंय बघा. फिल्मला लाल दिसतच न्हाय, त्येला मी काय करू?" मग आधी सांगायला काय झालं होतं? पुन्हा काढायचं ठरलं. सकाळच्या उन्हात, मागे पांढरी चादर. आणि कुंडी हातात धरून मी उभं राहायचं, म्हणजे फूल केवढं ते कळेल. फोटोचं मला वावडं, पण कर्दळीसाठी हो म्हटलं.

१६ ऑग.
काय बोलावं! ठिपके गायब. एकसुद्धा नाही. दत्तोबा खुशीत. "डाग समदं काढून टाकलं बघा. पेन्सिल घिऊन बसलोतो." लग्नाच्या मुलींचे देवीचे व्रण दत्तोबा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बुजवतात, तोच हात माझ्या फुलावरून फिरवला. आता ती कुणाच्याही मोरीमागे उगवणारी पिवळी कर्दळ.
मग वर नजर गेली. मीही तशीच. लहानपणी देवी आल्या होत्या, तेव्हापासूनचे गालांवरचे खड्डे, सगळे साफ. कुणी सांगितलं होतं? विचारलं, तर म्हणाले, "त्ये काय सांगाय लागतंय व्हय?"

१७ ऑग.
पुन्हा गेले. बजावून आले, पेन्सिलीला हात लावायचा नाही. फुलाला नाही आणि मलाही नाही. दत्तोबा हळूच म्हणाले, लोक मलाच नावं ठेवतील, ह्याला काम येत नाही म्हणून. ठेवू देत.
उमललेली फुलं गळली. दांड्यावर एकच कळी. पुण्याची मुदत महिनाअखेर.

२० ऑग.
कोर्टातून येताना यांनी तो पुसलेला फोटो फ्रेम करून आणला. बाहेरच्या खोलीत, माझ्यादेखत खिळा ठोकून लावला. म्हटलं, उतरवा. ती कर्दळही माझी नाही आणि ती बाईही मी नाही. हसले. म्हणाले, "राहू दे गं. एकदा तरी छान दिसतेस."
एकदा तरी. इतक्या वर्षांचा संसार, आणि हे आज कळतंय मला. रडू नाही आलं, रागच आला. पान वाढलं.
कळी उद्या उमलेल. दत्तोबा सकाळी यायचेत. जेवून उठताना हे म्हणाले, उद्या नुसत्या फुलाचा फोटो काढू दे, तू कशाला मध्ये उभी राहतेस. म्हणजे ठिपके फुलावर चालतील, माझ्या गालावर नाही.
उद्या फोटोला नेसायची साडी काढून ठेवली.