आल्याची बिअर

धार, १२ एप्रिल १९७८

चि. रत्नाकरास अनेक आशीर्वाद.

हे पत्र रागानंच लिहायला बसले आहे. गोपाळराव टेकरीवर देवीच्या दर्शनाला देवासला गेले होते, ते तुझ्याकडे डोकावले. येऊन सांगतात, ऐन शाळेच्या वेळी दोन्ही पोरं घरात, आणि चिंतू त्यांना मोठ्या तोऱ्यात म्हणाला, आम्ही बाबांबरोबर बिअर बनवतो! अरे, सुरेखाला जाऊन वर्ष झालं नाही. तिच्या माघारी मुलांना हे शिकवतोस? कुंदा तर एक शब्द बोलली नाही म्हणे. दहा वर्षांची पोर अशी मुकी का झाली, याचा काही विचार? ह्यांचंही म्हणणं पडलं की मुलांना धारला आणावं. अक्षय्यतृतीया झाली की मी न्यायलाच येते.

रागावले तरी माया आटलेली नाही, हे ओळखून अस.

कमलताई

देवास, १८ एप्रिल १९७८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गोपाळराव बिअर हा शब्द ऐकून जे उठले, ते चप्पल उलटी घालून गेले. ताई, ती जिंजर बिअर. आलं, साखर, लिंबू आणि आधीचं थोडं विरजण. एक-दोन दिवसांत फसफसते, की लगेच पिऊन टाकायची. महूला उमेदवारी करत होतो तेव्हा घरमालक निवृत्त बँडमास्तर होता, त्यानं हा नाद लावला.

आता खरं ते सांगतो. आई गेल्यापासून कुंदा घराबाहेर तोंडच उघडत नाही. वर्गात उत्तर देईना म्हणून बाईंनी तिला बाकावर उभं केलं, मुलं गूंगी म्हणून चिडवू लागली. मी दोघांना काढून घेतलं. कारखान्यात दुसरी पाळी मागितली, संध्याकाळी शेजारच्या भाभी बघतात, सकाळ सगळी आमची. मापं, अपूर्णांक, थोडं विज्ञान, सगळं त्या बरण्यांपाशी बसून होतं. फेस का येतो, उन्हात लवकर का येतो, असं कुंदा मला विचारते. घरात का होईना, विचारते. तू नेलंस तर तेही थांबेल, याची धास्ती वाटते.

चिंतूचा तुला नमस्कार. लोभ आहेच, तो रागानं कमी करू नकोस.

तुझा रत्नाकर

देवास, ६ मे १९७८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी आमच्याकडे आबकारीचे साहेब आले. परवा एक बाटली उन्हानं फुटली, तिचा आवाज गल्लीभर झाला, त्यावरून कुणीतरी तक्रार केली. साहेबांनी बरण्यांकडे बोट दाखवून विचारलं आणि माझी बोबडी वळली. नोकरी गेली, पोरं गेली, एवढंच डोक्यात.

तोच कुंदा पुढे आली. ताई, खणखणीत हिंदीत बोलली! खमीर, म्हणजे आपलं विरजण, साखर खातं, हवा सोडतं, त्या हवेनं बाटली फुटली. जास्त दिवस ठेवलं तर दारू होते, म्हणून आम्ही ठेवत नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडतो तो म्हणाली, ती मागची बरणी मात्र बाबा विसरले आहेत, ती आता नक्की चढेल, तीही बघून घ्या.

साहेबांनी वास घेतला, ती बरणी मोरीत ओतायला लावली आणि मला चांगलं झाडलं, की भिया, तुमच्यापेक्षा बिटियाला जास्त अक्कल आहे, पुन्हा असं दिसलं तर सोडणार नाही. मग ताजी एक पेलाभर उभ्यानं प्यायले. जाता जाता कुंदाला शाळा विचारली. मी खाली मान घातली. ती म्हणाली, अभी घर पे पढ़ती हूँ, जुलाई से जाऊँगी.

हे तिचं तिनं ठरवलं, ताई. ते गेल्यावर मी मोरीशीच बसून रडलो. चिंतूला वाटलं, सांडलेल्या बरणीसाठी.

तुझा रत्नाकर

धार, ११ मे १९७८

चि. रत्नाकरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवताना मधेच त्यांच्या हाती दिलं, उरलेलं ह्यांनीच वाचलं. काल सणाला पुरणपोळी केली होती, पण घास आज उतरला बघ. मी भलतंच बोलून गेले, ते मनातून काढून टाक.

येणार मात्र आहे. न्यायला नव्हे, राहायला. दोघांचे गणवेश शिवून देईन, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जाईन. बरण्यांवर तारखा घालत जा, आणि त्या कुंदाच्या हाती दे.

कुंदाला सांग, आत्या येते आहे, आणि आल्यावर काही विचारणार नाही. तीच बोलेल, मी ऐकेन.

कमलताई